वऱ्हाडातील पोलीस व लाचप्रतिबंध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पोलीस खात्यातील लाचखोरीची चर्चा बहुधा शिपायाच्या नीतिमत्तेपाशीच थांबते. त्याच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न मागे पडतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा प्रशासकीय इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात आले. तथापि कायद्याने तो निजामाचाच मुलूख राहिला. त्यामुळे ब्रिटिश कायदे येथे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. १८६१ च्या पोलीस कायद्याने कर्तव्यच्युत शिपायास तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड वा तितकीच कैद सांगितली. परंतु चौकशीची सूत्रे खाते व जिल्हा दंडाधिकारी यांच्याच हाती राहिली. पोलिसांवर शासनाचा किती विश्वास होता, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातून दिसते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये, असे त्याचे कलम २५ सांगत होते. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे!

लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर यांची बहुतेक सेवा मध्य प्रांतात झाली होती. ठाण्याच्या कामाच्या प्रत्येक टप्प्यावर लाच घेतली जाते, असे आयोगाने स्पष्ट नमूद केले. शिपायाचा किमान पगार दरमहा आठ रुपये करावा, ही त्याची शिफारस होती. म्हणजे अपुऱ्या वेतनाचा व लाचेचा संबंध शासनाला तेव्हाच उमगला होता. १९०३ मध्येच वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात बाहेरील देखरेखीचे तत्त्व पुढे आले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला व पुढील वर्षी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन झाला. त्याच्या अमरावती परिक्षेत्रात अकोलाही येते. पंचांसमक्ष, नोटांना भुकटी लावून रचलेला सापळा ही या विभागाची परिचित पद्धत. तीत तक्रारदार पुढे यावा लागतो. देणारा व घेणारा दोघेही संतुष्ट असतील, तेथे सापळा निरुपयोगी ठरतो. ठाण्याच्या नेमणुकीसाठी होणारा व्यवहार तर बहुतांशी याच प्रकारचा.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी बदल्यांसाठी आस्थापना मंडळ व तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य व विभागीय पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. मात्र २०१८ च्या केंद्रीय दुरुस्तीने, रंगेहाथ पकडण्याचे प्रसंग वगळता, अधिकाऱ्याच्या शासकीय निर्णयासंबंधीच्या चौकशीपूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक केली. १८६१ प्रमाणेच दाराची किल्ली पुन्हा शासनयंत्रणेकडे आली.