पायथन ३.९ : प्रमाण ग्रंथालयातील सुधारणा

पायथन या संगणकीय भाषेची ५ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेली आवृत्ती. भाषेसोबत मिळणाऱ्या तयार साधनांच्या संचात, म्हणजे प्रमाण ग्रंथालयात, या आवृत्तीने मोलाची भर घातली.

सर्वांत मोठी भर ‘झोनइन्फो’ या मोड्यूलची. जगभरच्या स्थानिक वेळांचे हिशेब त्यापूर्वी बहुधा ‘पायटीझेड’सारख्या बाहेरच्या पॅकेजवर सोपवले जात. झोनइन्फो मात्र ‘आयाना’ कालक्षेत्र-माहितीसाठा थेट वाचते. ‘एशिया/कोलकाता’ हे क्षेत्र देऊन आजची तारीख विचारली, तर ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ मिळते. जून १९४३ मधली विचारली, तर साडेसहा तास! दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळे तासभर पुढे केली होती, याची नोंद त्या साठ्यात आहे.

मजकुराच्या हाताळणीतला एक जुना सापळाही टळला. ‘श्री.श्रीधर’मधले ‘श्री.’ काढायला ‘एलस्ट्रिप’ वापरले, तर उरते फक्त ‘धर’, कारण ते दिलेली अक्षरचिन्हे सुटी धरून खरवडत जाते. नवे ‘रिमूव्हप्रिफिक्स’ नेमका उपसर्गच काढते आणि ‘श्रीधर’ शाबूत राहतो.

याशिवाय लसावि काढणारे फंक्शन आणि परस्परावलंबी कामांचा क्रम लावणारे ‘ग्राफलिब’ याच आवृत्तीत आले.