वीट, मत आणि वर्ग

चिकित्सक शिक्षणशास्त्राचं भवितव्य काय, असं आपण विचारतो तेव्हा चर्चा लगेच सिद्धांतांकडे जाते. म्हणून आज आम्ही आधी एका गावाबद्दल बोलणार आहोत.

१९६३ साली ईशान्य ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावी पाउलो फ्रेरे यांच्या पद्धतीने सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. समारोपाला राष्ट्राध्यक्ष गुलार्ट स्वतः आले.

या पद्धतीत शब्द शिकणाऱ्यांच्या जगण्यातून निवडले जात. उदाहरणार्थ ‘तिझोलो’, म्हणजे वीट. आधी चर्चा व्हायची: विटा कोण रचतं? घर कोणाचं होतं? मग ति-झो-लो अशी फोड करून अक्षरओळख.

आता यात सरकारं घाबरावीत असं काय होतं? तर त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. तो १९८५ साली मिळाला. म्हणजे लिहायला शिकलेला प्रत्येक मजूर हा नवा मतदार. १९६४च्या लष्करी उठावानंतर साक्षरतेची राष्ट्रीय योजना गुंडाळली गेली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि मग परागंदा झाले. त्यांचं गाजलेलं पुस्तक चिलीतल्या त्या विजनवासात लिहिलं गेलं.

आज फ्रेरे शिक्षकांच्या अभ्यासक्रमात आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांच्यावर टिपा लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ‘घर कोणाचं?’ हे वर्गात विचारता येतं का? भवितव्याचा अंदाज आपण त्यावरून बांधायला हवा, असं आम्हाला वाटतं.