ट्रंकेतला उर्दू कागद

तेलगावच्या चौकात बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते एकमेकांना भेटतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दफ्तर उर्दूत चालायचं. म्हणून इथल्या जुन्या घरांत, मग ते मुसलमानाचं असो की मराठ्याचं, ट्रंकेच्या तळाशी उर्दू कागद निघतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांनाही एकदम भाव आला. पंच्याहत्तर वर्षं त्या बस्त्यांकडे कोण बघत होतं?

आपल्या घरांची गरजही तशीच आहे. ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि शाळेच्या निर्गम उताऱ्यात जातीच्या रकान्यात अनेकदा नुसतं ‘मुसलमान’ असतं. तांबोळी, बागवान, अत्तार हे शब्द मग जुन्या कागदांत शोधावे लागतात.

हल्ली मुलं कागदांचे फोटो काढतात, हे उत्तम. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतली बारीक अक्षरं फिसकटतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, एक लेकीच्या सासरी. मूळ कागदाला लॅमिनेशन मात्र करू नये. ते पुन्हा सुटत नाही.

खरी मेख तारखेत आहे. समजा, जमिनीच्या कागदावर १३५२ फसली आहे आणि निकाहनाम्यावर १३६१ हिजरी. संगणक हे दोन कागद नऊ वर्षांच्या अंतरावर ठेवील. प्रत्यक्षात दोन्ही १९४२ च्या शेवटच्या महिन्यांतले असू शकतात! हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवले की आपलं साल येतं, जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. हिजरी साल चांद्र, त्याला असा सरळ हिशेब लागू पडत नाही. तेव्हा फाइलच्या नावात आधी इसवी सन घालावा, मग मूळ साल, गाव आणि माणसाचं नाव.

गावांचंही तेच. अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद होती आणि मुघलांच्या कागदांत धारूर फतेहाबाद म्हणून येतं. दोन्ही नावं लिहिली नाहीत तर शोधणाऱ्याला काही सापडायचं नाही.

आणि वाचणार कोण? मदरशात शिकलेला पोरगा छापील उर्दू फडाफडा वाचतो, पण कारकुनाच्या घसीट शिकस्ता अक्षरापुढे अडखळतो. ते अक्षर ओळखणारे बुजुर्ग गावोगावी एखाददुसरेच उरलेत. त्यांच्यासमोर कागद ठेवून ते वाचत असताना मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा आणि ती फाइल त्याच फोटोशेजारी, त्याच नावानं ठेवावी. शजऱ्यात नुसतं ‘बडे अब्बा’ लिहिलेला माणूस कोण, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं.