कंधार आणि ऱ्होड्स : दोन तटबंद नगरें



नांदेडच्या दक्षिणेस, रस्त्यानें सुमारें ३० मैलांवर, कंधारचा भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्यांची संवय असलेल्या डोळ्यांना तो प्रथम निराशच करतो. कडा नाहीं, चढण नाहीं. सपाट भूमीवर दिसतो तो केवळ दगडी तट. परंतु खंदकाच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे त्याचें मर्म कळतें. चोहों बाजूंनीं पाणी खेळवून माणसानें माळावर एक बेटच निर्माण केलें आहे. कंधारचें पाण्याशीं नातें फार जुनें. येथील राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ नांवाच्या तलावाचा उल्लेख आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहून तळ्यास समुद्र म्हणणाऱ्यांना पाण्याचें मोल निश्चितच ठाऊक असलें पाहिजे!

हें बेट पाहतांना भूमध्यसमुद्रांतील ऱ्होड्स आठवतें. त्या तटबंद नगराचा खंदक कोरडा, आणि बाहेर अथांग सागर; कंधारचा खंदक जलमय, आणि बाहेर कोरडवाहू रान. रचना अशी उलट, परंतु दैव मात्र सारखेंच.

ऱ्होड्सवर १३०९ पासून सेंट जॉनच्या पंथाच्या ख्रिस्ती योद्ध्यांचें राज्य होतें. १५२२ च्या उन्हाळ्यांत तुर्की सुलतान सुलेमान यानें त्यास वेढा घातला. तोफा धडधडल्या, तटाखालीं सुरुंग उडाले. नगर सुमारें सहा महिने झुंजलें. युरोपांतून पुरेशी कुमक आली नाहीं. अखेर डिसेंबरांत सन्मानाच्या अटींवर योद्ध्यांनीं बेट सोडण्याचें मान्य केलें.

१६३१ सालीं कंधार निजामशाहीकडे होतें. शहाजहानचा सरदार नसीरीखान यानें वेढा दिला. येथेंहि तोच क्रम : मोर्चे, तोफा, सुरुंग. सुटकेसाठीं आलेल्या दक्षिणी फौजेस मोगलांनीं परतविलें, आणि किल्ला शरण गेला. आणि काळ तरी कोणता? १६३० पासून दख्खन व गुजराथ भयंकर दुष्काळानें होरपळत होते. जेथें रयतच अन्नाला महाग झाली, तेथें तटाआंतील शिबंदीनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? पुढें खानदौरान ही पदवी मिळालेल्या याच सरदारानें १६३६ त आजच्या लातूर जिल्ह्यांतील उदगीर व औसा हे भुईकोट घेतले. त्याच वर्षीं निजामशाहीहि अस्तास गेली.

ऱ्होड्सचें जुनें नगर १९८८ पासून जागतिक वारसा गणलें जातें. त्याच्या कोरड्या खंदकांतून प्रवासी पायीं हिंडतात. आपणहि कंधारास अवश्य जावें. मात्र तटाची उंची न्याहाळून तेवढ्यावरच परतूं नये. क्षणभर किल्ल्याकडे पाठ करून बाहेरच्या शेतांकडे पाहावें. तट शत्रूला कांहीं महिने थोपवितो. तटाला तगवून धरतात तीं हीं शेतें, आणि त्यांत राबणारीं माणसें.