संकेतार्थ, भूतकाळी (पुसद परिसराच्या बोलीसह)

संकेतार्थ, भूतकाळी : जे घडले नाही ते घडले असे धरून बोलताना मराठी क्रियापद जे रूप घेते ते. ‘बस चुकली नसती, तर उजाडताच दिग्रसला पोचलो असतो’ या वाक्यात बस चुकली हे कोणी सांगितलेले नाही, तरी ऐकणाऱ्याला ते कळते. इंग्रजीत हे काम ‘वुड हॅव’, ‘कुड हॅव’, ‘शुड हॅव’ या सहायक क्रियापदांच्या जोड्या करतात. मराठीत एकच रूप मध्यवर्ती आहे आणि बाकीच्या छटांसाठी वेगळ्या रचना आहेत.

रूपसिद्धी : मुख्य धातूचे ‘ला’-रूप (गेला, केले, पेरली) आणि त्यापुढे ‘असणे’चे ‘ता’-रूप : मी गेलो असतो, तू गेला असतास, ती गेली असती. नकारात नसतो, नसतास, नसती. मोरो केशव दामले (‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, 1911) यांच्या परिभाषेत हे ‘ता’-रूप म्हणजे द्वितीय ताख्यात. ते एकटेही येते : ‘वेळेवर येतास, तर गाडी मिळाली असती.’ ‘असता’ लागलेले जोडरूप आज अधिक चालते. ‘जर’ बहुधा गळतो, ‘तर’ टिकतो. ज्ञानेश्वरीच्या काळात या जागी ‘जरी – तरी’ असत. आज त्या जोडीचा अर्थ पालटला आहे. संकेतार्थ हा स्वतंत्र अर्थ मानावा की काळाचाच प्रकार, यावर व्याकरणकारांत एकमत नाही.

कर्माशी जुळणी : या रूपाचे खरे सौंदर्य येथे आहे, आणि शालेय पुस्तके ते दोन ओळींत उरकतात हे योग्य नाही. सकर्मक क्रियापद असेल, तर ‘पेरणे’सारखा मुख्य धातू आणि ‘असणे’ ही दोन्ही कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. पुसदकडचा शेतकरी म्हणतो : म्या हरभरा पेरला असता, म्या तूर पेरली असती, म्या सोयाबीन पेरलं असतं. बोलणारा पुरुष असो वा बाई, रूप पिकावरून ठरते. बोलणाऱ्याची ओळख अकर्मकात उघड होते, आणि तेथे विदर्भ पुण्याहून वेगळा आहे : पुण्याची बाई ‘मी गेले असते’ म्हणते, वऱ्हाडातली ‘मी गेली असती’. प्रमाण भाषेच्या शिक्षकाला ही चूक वाटते. पण तृतीय पुरुषातल्या ‘ती गेली असती’शी ती काटेकोर जुळते. द्वितीय पुरुषातला ‘स’ही येथे गळतो : ‘तू आला असता त भेट झाली असती.’ ‘तर’चा ‘त’ होणे वऱ्हाडीत सर्रास आहे.

हळहळीची आणि अदमासाची रूपे : जे करणे योग्य होते पण झाले नाही, त्याला ‘जायला हवे होते’; वऱ्हाडीत ‘जाले पायजे होतं’. येथे ‘असता’ येतच नाही, साधे ‘होते’ पुरते. जमण्यासारखे होते त्याला ‘जाता आले असते’ किंवा ‘जाऊ शकला असता’. इंग्रजीतील ‘मस्ट हॅव’ हे रूपाने ‘वुड हॅव’चे भावंड दिसते, पण तो झालेल्या गोष्टीचा तर्क असतो. मराठी त्याला या घरात घेत नाही : ‘गेला असावा’, ‘गेला असेल’, वऱ्हाडीत ‘गेला असन’.

इंग्रजीशी फरक : इंग्रजी अटीच्या वाक्यखंडात ‘हॅड’ ठेवते आणि फळाच्या वाक्यखंडात ‘वुड हॅव’. मराठी दोन्हीकडे एकच ‘असता’ वापरते. त्यामुळे मराठी माध्यमातला विद्यार्थी ‘इफ आय वुड हॅव नोन’ असे सहज लिहून जातो. अमेरिकेतल्या बोलचालीच्या इंग्रजीतही हे ऐकू येते, परीक्षेत मात्र गुण जातात. शिक्षकाने ही चूक खोडण्याआधी तिच्यामागची मराठी शिस्त मुलांना दाखवावी. दुसरा फरक काळाचा. ‘उद्या सुट्टी असती, तर आलो असतो’ हे मराठीत निर्दोष आहे. म्हणजे ‘भूतकाळी’ हे नाव रूपाचे झाले, काळाचे नव्हे. शक्यतेचे दार बंद झालेले असले, की गोष्ट कालची असो वा उद्याची, हेच रूप लागते.

उघडा आणि बंद संकेत : पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक (जन्म 1 जुलै 1913, मुख्यमंत्री 1963–75) यांनी 1965 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर केले, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्यावे. हा उघडा संकेत : ‘झाला नाही तर’. निकाल लागायचा आहे, बोलणारा बांधला गेला आहे. ‘झाला नसता तर’ हा बंद संकेत : तसे म्हटले, की स्वयंपूर्णता पदरात पडली असे धरले जाते आणि पणाचा भार उतरतो. एका ‘नसता’ने एवढा फरक पडतो. पेरणीच्या दिवसांतही हेच दिसते. जूनमध्ये गावात ‘मृगात पानी आला त पेरू’ असे ऐकू येते. पाऊस लांबून दुबार पेरणीची पाळी आली, की ‘थांबलो असतो त बियानं वाचलं असतं’.

वाङ्मय : जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा पूर्णपणे बंद संकेतावर उभी आहे : 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? कथाकार तो ‘असता’ काढून टाकतो आणि न घडलेला इतिहास घडल्यासारखा सांगतो.

प्रदेश : ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये निघाला, वऱ्हाडीची दखल त्यात आहे. त्याच वर्षी पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून निघून यवतमाळला जोडला गेला. गाव पूस नदीकाठी आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे मराठवाडा असल्याने येथील बाजारात वऱ्हाडी ‘मले’ आणि मराठवाड्यातला ‘मला’ दोन्ही कानी पडतात. ‘असता’ दोहोंकडे सारखाच.