अंबडची खळ

अंबडच्या एमआयडीसीत मी टॅब्लेट डिपार्टमेंटला लागलो, तेव्हा ग्रॅन्युलेशनची सकाळ खळ शिजवण्यापासून सुरू व्हायची. मक्याचा स्टार्च आधी गार पाण्यात कालवायचा, मग वाफेच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि दुधी रंग जाईपर्यंत ढवळत राहायचं. ती खळ औषधाच्या पावडरीत मळायची, ओला माल चाळणीतून काढायचा, ट्रेमध्ये पसरून ड्रायरला लावायचा. एवढं करूनही मशीनवर गोळ्यांच्या टोप्या उडायच्या. ‘कॅपिंग आलं’ म्हटलं की सुपरवायझरचा चेहरा उतरायचा.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. नाशकात आधी सातपूर वसलं, मग अंबड. १९८०च्या दशकात ग्लॅक्सोचा कारखाना अंबडला उभा राहिला. थायरॉईडची एल्ट्रॉक्सिन तिथलीच. १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा हिशेब करा: १ ग्रॅम थायरॉक्सिनमध्ये १०,००० गोळ्या होतात. रुग्णाच्या चिमटीत येतं ते जवळजवळ सगळं औषधाव्यतिरिक्तचं. गोळीचं टिकणं आणि पोटात सुटणं या बाकीच्या मालाच्याच हाती असतं, तरी त्याची दखल कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

खळीची मिरास मोडली ती एमसीसीने, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजने. १९५५ साली अमेरिकन व्हिस्कोस या रेयॉनच्या कंपनीत ऑर्लँडो बॅटिस्टा यांनी आम्लात शिजवलेलं सेल्युलोज पाण्यासह मिक्सरमध्ये फिरवलं. भुकटी तळाला बसायला हवी होती. ती बसलीच नाही, दाट पांढरं मिश्रण तयार झालं. लाकडाच्या लगद्यातला विस्कळीत भाग आम्ल खाऊन टाकतं, घट्ट स्फटिक उरतात. ही भुकटी दाबली की कण एकमेकांना धरतात आणि पाणी शोषलं की गोळी फुटायला मदत होते. खळ नाही, ड्रायर नाही. पुष्कळ औषधं नुसती मिसळून थेट मशीनवर घेता येऊ लागली.

एचपीएमसीचा, म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोजचा, स्वभाव खळीच्या उलटा. हेही सेल्युलोजचंच, पण गार पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात नाही. नवा ऑपरेटर ते सरळ गार पाण्यात ओतायचा आणि वरून बुळबुळीत, आतून कोरड्या अशा गुठळ्या व्हायच्या, तासन्‌तास न फुटणाऱ्या. जाणता माणूस आधी कडक पाण्यात भुकटी पसरवून घेई, मग गार पाणी घालून ढवळे. गढूळ पाणी डोळ्यांदेखत नितळ आणि दाट होई. पातळ जातीचं एचपीएमसी गोळीच्या कोटिंगला जातं; घट्ट जातीचं गोळीच्या आत घालतात. पोटात ते फुगून त्याची जेली बनते आणि तिच्यातून औषध तासन्‌तास पाझरत राहतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरच्या अनेक गोळ्या याच तत्त्वावर चालतात.

म्हणून पाकिटावर एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कुटू नका, चावू नका. ती जेली मोडली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरू शकतो.