परका सूर, मराठी शब्द

१९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्या परिसरात नाना प्रांतांची माणसे येऊन वसली. येथे खुर्सीपारसारख्या वस्तीत राहताना आम्हां मराठी कुटुंबांस एक शंका वारंवार छळते: मुलाने गिटार हाती घेतली, इंग्रजी रॉक गाणी म्हणू लागला, म्हणजे तो मराठीस पारखा झाला काय? या शंकेचे उत्तर आम्हांस नंदू भेंडे यांच्या चरित्रात सापडते.

नंदू हे आत्माराम व आशा भेंडे या नाट्यव्रती दांपत्याचे चिरंजीव. घर मराठी रंगभूमीचे. परंतु तरुण नंदूंचे मन रमले ते विजेवर वाजणारी गिटार, तिला खर्जाचा आधार देणारी बास गिटार आणि ड्रम यांच्या गजरात. मुंबईच्या 'वेल्व्हेट फॉग' या वाद्यवृंदात ते गात असत. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक मुंबईत रंगभूमीवर आणले. त्यात नंदूंनी जूडासची भूमिका केली. चरित्र येथेच थांबते, तर आमची शंका खरी ठरली असती.

ते थांबले नाही. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' सादर केला. मूळ नाटक ब्रेख्तचे, १९२८ सालच्या बर्लिनमधले. मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यातील अट्टल गुन्हेगार अंकुश नंदूंनी उभा केला आणि लावणी-नाट्यपदांच्या शेजारी रॉकचा ठेका मराठी शब्द घेऊन प्रेक्षकांसमोर आला. इंग्रजी गाण्यांत तयार झालेला गळा मायबोलीच्याच कामी आला.

यात अघटित काही नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रचले, तेव्हा कानडी पदांच्या चाली निःसंकोचपणे घेतल्या होत्या. पुढे त्याच चाली आपण अस्सल मराठी म्हणून गुणगुणू लागलो. सूर परका असल्याने भाषा बाटत नाही. ती घरात बोलली जाईनाशी झाली, म्हणजे मात्र खुंटते.

पुढे दूरचित्रवाणी मालिकांना संगीत देत नंदूंनी आपली वाटचाल चालू ठेवली. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी परक्या सुरांकडे धाव घेतली, तरी परतण्यासाठी मराठीचे घर उघडे होते. तेव्हा मुलाच्या हातची गिटार काढून घेण्याचे कारण नाही. परप्रांतात ते घर उघडे ठेवणे, एवढे काम मात्र आम्हां वडीलधाऱ्यांचेच आहे.